कोरं भांडं

सकाळी आठ वाजता ओट्यावर होत्या पास्त्याच्या चपट्या पट्ट्या बारा, त्यांतली एक तुटलेली, टोमॅटो नऊ, पालकाच्या जुड्या दोन, लसणाच्या पाकळ्या सात, पनीर दोनशे ग्रॅम, चीज दोनशे चाळीस ग्रॅम, दूध अर्धा लिटर आणि मैदा तीन चमचे. शिवाय एक स्लो कूकर, साडेतीन लिटरचा, आत चिनी मातीचं पांढरं भांडं असलेला. तो तीन आठवडे खोक्यात होता आणि आज पहिल्यांदा ओट्यावर आला होता.

जागृतीने हे सगळं दोनदा मोजलं. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग युनिटच्या प्रयोगशाळेत ती रंगाचे नमुने तपासायची. तिथे मोजल्याशिवाय काही भांड्यात जात नसे, आणि तीच सवय उधन्याच्या या दोन खोल्यांच्या घरात आली होती.

"पावनी येऊन रायली का तपासनी?" गंगाराम खाटेवरून म्हणाले. तिचे वडील इच्छापोरला एका कारखान्यात वॉचमन होते आणि रविवारी घरी असत.

"बाबा, हेतलबेन माझ्या सीनिअर आहेत. पहिल्यांदाच येताहेत."

"मंग येऊ दे ना. तुया मायच्या हातची भाकर खाऊन आजवर कोनी पळून गेलं नाई."

जागृतीने टोमॅटो चिरायला घेतले.

रंभाबाई मघापासून पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "मी काय करू, सांग. पालक निवडू?"

"झालाय निवडून."

"लसून सोलू?"

"आई, तू बस गं. मी करते सगळं."

रंभाबाई बसल्या नाहीत. त्या कूकरकडे बघत राहिल्या. तो घरी आला त्या दिवशी त्यांनी त्याच्या काचेच्या झाकणावरून हात फिरवला होता आणि हे काय म्हणून विचारलं होतं. जागृतीने सांगितलं, "यात भाजी घालून ठेवून दिली की आपोआप शिजते. गॅसपाशी उभं राहावं लागत नाही." हे खरंच होतं. पण रंभाबाईंचे गुडघे दोन वर्षं दुखत होते. त्यांनी एकदा कूकरकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि तशाच त्या शेजारच्या इंदुबाईंकडे गेल्या. भिंत पातळ होती. जागृतीला शब्दन् शब्द ऐकू आला.

"पोरीनं मायासाठी लाइटवरची चूल आणली वं. गुडघे दुखतात म्हनून."

तेव्हाच उठून सांगता आलं असतं. जागृतीने सांगितलं नाही. नंतर रंभाबाईंनी तीनदा विचारलं, सुरू कधी करायचं, आणि तीनही वेळा तिने "थांब, आधी नीट वाचू दे" म्हणून टाळलं.

त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली एक बाई कुणाच्या तरी घराबद्दल बोलत होती. त्यांच्या भांड्यांत सगळंच शिजतं, पाणीसुद्धा प्यावंसं वाटत नाही, असं ती म्हणाली. ते जागृतीबद्दल नव्हतं. तरी तिने आपल्या डब्याचं झाकण लावून टाकलं. त्या दिवसापासून हेतलबेनच्या डब्यातले थेपले आणि हांडवो तिच्याकडे येत राहिले. तिच्या डब्यातलं टेबलाच्या पलीकडे कधी गेलं नाही. हेतलबेनने कधी नको म्हटलं नव्हतं. जागृतीने कधी विचारलंच नव्हतं. त्या बदल्यात ती सीलबंद वेफर्स न्यायची, दिवाळीला चॉकलेट.

मग महिन्यापूर्वी हेतलबेन स्वतःच म्हणाली, "तारा घरे क्यारे बोलावे छे?" घरी कधी बोलावतेस? जागृतीने त्याच संध्याकाळी कूकर मागवला. ज्यात कधीच काही शिजलेलं नाही असं एक भांडं तिला हवं होतं.

आता त्या भांड्याच्या तळाशी तिने टोमॅटोचा रस पसरला. पट्ट्या लांब होत्या आणि भांडं गोल, म्हणून त्या मोडून, कोपरे जुळवून बसवाव्या लागल्या. त्यावर पालक-पनीर, त्यावर दुधा-मैद्याचा दाट पांढरा सॉस, त्यावर चीज. असे चार थर झाले. सुरतेत चीज कशावर पडत नाही? लोचोवर पडतं, डोशावर पडतं. पण इथे तिने पाकीट आठवडाभर आधी आणून त्यात काही प्राणिजन्य तर नाही ना, म्हणून त्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं होतं. पट्ट्यांच्या पुड्यावरचा हिरवा ठिपकाही दोनदा पाहिला होता. झाकणाखाली तिने स्वच्छ फडकं ताणून लावलं, म्हणजे वाफेचं पाणी थरांवर ठिबकणार नाही. आठ चाळीसला बटण फिरवलं.

"हे फडकं मस्त केलं," रंभाबाई म्हणाल्या. "मी पन ढोकळ्याले तसंच करतो."

साडेबाराला हेतलबेन आली. हातात नानखटाईचा डबा, पायांत उंच टाचांच्या चपला, आणि दारातूनच, "मासी, कितना अच्छा सुगंध आ रहा है!" ती सरळ चटईवर मांडी घालून बसली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा तसबिरी होत्या. त्या आपण उतरवल्या नाहीत, याचा जागृतीला सकाळपासून थोडा अभिमान वाटत होता.

सगळे हिंदीत बोलत होते. गंगाराम पूर्वीच्या, लूमवरच्या कामाच्या दिवसांच्या गोष्टी सांगत होते आणि हेतलबेन तोंडावर हात धरून हसत होती. रंभाबाईंनी आपल्या मनाने चार भाकरी थापल्या होत्या आणि लसणाची चटणी वाटली होती. तेही एका ताटलीत मध्ये ठेवलं. जागृतीने कूकर उचलून आणला, झाकण काढलं. वरचं चीज सोनेरी नव्हतं, स्लो कूकरमध्ये तसं होत नाही, पण कडेने बुडबुडे येत होते आणि काप सुबक निघाला. चारही थर वेगळे मोजता येत होते.

आणि ताटली पुढे करताना जागृतीने, इतका वेळ चाललेली हिंदी सोडून, गुजरातीत म्हटलं, "वासण एकदम नवुं छे, हेतलबेन. एमां अमारुं कशुं रांध्युं नथी."

भांडं अगदी नवं आहे. त्यात आमचं काही शिजवलेलं नाही.

रंभाबाई गेली बावीस वर्षं एका गुजराती शेठाणीकडून साड्या आणून त्यांना टिकल्या लावत होत्या. दर साडीचा भाव त्या गुजरातीतच भांडून घेत. हे जागृतीला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही वाक्य बोलताना, हिंदीपेक्षा गुजरातीत ते कमी ऐकू जाईल, असं तिला वाटलं होतं.

हेतलबेनचा हात ताटलीपाशी थांबला. "अरे," ती हिंदीत म्हणाली, "मैंने कब पूछा?"

हेतलबेनचे कान लाल झाले. मग ती घाईघाईने हसली. "मेरा भाई तो रोज लारी पर अंडे का घोटाला खाता है, मासी. घर आकर मुँह भी नहीं धोता, गधा!" आणि तिने मध्ये ठेवलेल्या ताटलीतली भाकरी उचलली, चटणीत बुडवली, खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं तरी अजून एक तुकडा मोडला.

ती भाकरी हेतलबेनने आवडीने घेतली की ओशाळून, हे आता कळायला मार्ग नव्हता. दोन वर्षांत कुठल्याही दिवशी डबा पुढे सरकवला असता तर कळलं असतं. जागृतीने ती चाचणी कधी होऊच दिली नव्हती, आणि आज स्वतःच नमुना नासवला होता.

"मासी, आप भी लीजिए ना," हेतलबेन म्हणाली.

"मेरे को चीज हजम नहीं होता, बेटा," रंभाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तुम खाओ."

पाहुणी गेल्यावर रंभाबाईंनी सगळी भांडी घासली. पांढरं भांडं तेवढं बाजूला ठेवलं. जागृती ओट्यापाशी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कशानं घासते वं? आपली घासनी चालते का याले?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"आई, मी चुकले."

"कायले? पोटभर जेवली ना पावनी."

"आई, तो कूकर मी..." पुढचं वाक्य तिला करता येईना. तुझ्यासाठीच आणला होता, हे खोटं होतं. तुझ्यासाठी आणला नव्हता, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"ठेवून दे खोक्यात," रंभाबाई म्हणाल्या. "कोनी आलं तं लागन." आणि भिंतीला धरत, एकेक गुडघा सांभाळत, त्या बाहेर टिकल्यांच्या कामाला बसल्या. इंदुबाई मागाहून डोकावल्या, "काय वं, कशी झाली तुई लाइटची चूल?" तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, "पोरीची हाय ते." गंगारामांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

जागृतीने कूकर खोक्यात ठेवला नाही. चार दिवस तो ओट्यावर राहिला. रंभाबाई त्याच्या भोवतीने पुसून घेत. पाचव्या दिवशी सकाळी जागृतीने रात्रभर भिजवलेला अख्खा मसूर त्यात घातला, कांदा, हळद, पाणी घातलं, आणि सवयीने मोजपट्टी लावून पातळी मोजली. या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही. घातलं तेवढं जवळजवळ तसंच राहतं. सात वाजता बटण फिरवून ती म्हणाली, "आई, अकराला बंद कर. दुपारी गरम गरम खा. आज गॅसपाशी उभी राहू नकोस."

"बरं," रंभाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ती घरी आली. बाबा अजून ड्यूटीवर होते. कूकरचं बटण बंद होतं. ओट्यावर तवा पालथा घातला होता, त्याशेजारी चटणीची वाटी होती.

"अकराला बंद केलं होतंस?"

"बरोब्बर अकराला. घड्याय पाहून."

"जेवलीस?"

"जेवली ना. भाकर टाकली." रंभाबाईंनी साडीवरची टिकली अंगठ्याने दाबून बसवली आणि वर पाहिलं. "आज कोन येऊन रायलं वं?"

जागृतीने झाकण उचललं आणि पट्टी लावली. सकाळी मसूर काठापासून तीन सेंटिमीटर खाली होता. आता काठापासून तीन सेंटिमीटर खाली होता.