बंद घड्याळातली पाच मिनिटं

“बाई, पाच मिनिटं राहिली!” खिडकीजवळच्या गटातल्या वेळ पाहणाऱ्या मुलीनं खणखणीत आवाजात सांगितलं. बाईंनी सवयीनं भिंतीकडं पाहिलं. काटे पावणेआठवर अडकले होते. घड्याळ सकाळपासून बंद होतं.

“कुठं पाहिलंस गं?”

“भिंतीवर,” ती म्हणाली आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला.

बाईंना मात्र हसू येईना. चौघींचा गट, एकीनं वाचायचं, एकीनं लिहायचं, एकीनं बोलायचं, एकीनं वेळ पाहायची. अठरा वर्षं त्यांनी ही पद्धत जिवापाड जपली होती. दुसऱ्या शाळांतले शिक्षक मागं उभे राहून बघून जात. आणि वर्षभर पहिल्या येणाऱ्या गटात वेळ पाहत होती ती ही पोरगी!

मधल्या सुट्टीत त्यांनी चौघींना थांबवून घेतलं.

“तिला घड्याळ कळत नाही, बाई,” मनगटावर घड्याळ असलेली मैत्रीण अखेर बोलली. “वाचताही धड येत नाही. मी पेन्सिल दोनदा वाजवते, मग ती ओरडते.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हीच म्हणता ना, गटातलं कुणी मागं राहायचं नाही? म्हणून सांभाळून घेतलं.”

रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? पोरींनी तिला जीव लावला होता. बघायचं राहिलं होतं ते बाईंचंच.

“बाई, मला गटातून काढणार?” वेळ पाहणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

“मुळीच नाही. पण शाळा सुटल्यावर रोज तू आणि मी. दोघीच, माझी सव्वापाचची गाडी येईपर्यंत.”

बाईंनी घड्याळात नवा सेल घातला. रोज ते खाली उतरवून दोघी काटे फिरवत बसायच्या, मग वेळ बरोबर लावून ते परत भिंतीवर टांगायच्या आणि धडा उघडायच्या. अडलं की ती मैत्रिणीच्या रिकाम्या जागेकडं बघायची. बाई उत्तर सांगायच्या नाहीत, आणि ते त्यांना भारी जड जायचं.

नवव्या दिवशी वाचता वाचता तिनं आपणहून भिंतीकडं मान वर केली. “बाई, पाच वाजून... वीस मिनिटं?”

“बरोबर.”

“अगं बाई! म्हणजे तुमची सव्वापाचची गाडी गेली!”

गाडी खरंच गेली होती. बाईंनी उठून पिशवी उचलली, पण परत खाली ठेवली.

“उपकार झाले गं पोरी, सांगितलंस,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तिच्याशेजारी बसल्या.