पिशवीतला कांदळ

मी कांदळ बोलतोय. खाडीच्या चिखलात मुळं रोवून ऐटीत उभा असणारा नव्हे, तर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकलेला. हसू नका. पिशवीसकट जमिनीत पुरलंय मला.

आमच्यात मूल आईच्या अंगावरच उगवतं. मीही वीतभर लांब हिरव्या शेंगेसारखा आईच्या फांदीला लोंबकळत होतो. ओहोटीला खाली सुटायचं, चिखलात रुतायचं आणि तिच्या पायाशी वाढायचं, एवढा साधा बेत होता. त्याआधीच रोपवाटिकेतल्या मावशींनी मला अलगद खुडलं आणि पिशवीत लावलं.

मावशी फटकळ, पण माया करणाऱ्या. आम्हा कांदळ, चिप्पी, तिवरांच्या रोपांना पाणी घालताना प्रत्येकाला त्याची जागा सांगायच्या. "चिप्पीबाई, तू खाडीच्या तोंडाशी, लाटा झेलायला. तिवरा, तुझं काय मेल्या, तू खारट खाजणातही जगशील. प्यालेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतोस! आणि कांदळा, तुला काठचा मऊ चिखल. रोज दोन भरत्यांना पाय भिजले पाहिजेत तुझे."

मी त्या चिखलाची वाट पाहत राहिलो. लागवडीच्या कार्यक्रमाला बोलावलेल्या बड्या पाहुण्यांना सवड नाही म्हणून लागवड तीनदा पुढे गेली. माझी मुळं पिशवीच्या तळाशी पोचली, मागे वळली आणि एकमेकांतच गुंतली. पाय दुमडून पेटीत बसवलेल्या माणसाला जसं वाटेल, तसं मला वाटायचं.

अखेर पाहुणे आले. पांढरे बूट घालून. मग काय, खड्डे खणले ते वर, रस्त्याकडेच्या सुक्या जमिनीत! सुपरवायझर म्हणाले, "मावशी, पिशव्या काढू नका. माती सांडली तर पाहुण्यांचे कपडे खराब होतील. उद्या नीट लावू."

"अहो, पिशवीत रोप जगतं का कधी? आणि कांदळ इथं? पाणी तरी पोचतं का?"

"फोटोत मागे पाणी दिसतंय ना? झालं तर!"

टाळ्या वाजल्या, मोटारी गेल्या. गरज सरो, वैद्य मरो. तो 'उद्या' काही उजाडला नाही.

आठवड्याने मावशी एकट्याच आल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांनी तिवरांच्या पिशव्या आधी कापल्या. "तुम्ही तरी इथं तग धराल," म्हणाल्या. त्या माझ्या रांगेपर्यंत पोचल्या, तेवढ्यात सुपरवायझर ओरडले, "तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही म्हटलं ना?" दुसऱ्या दिवशी मावशींची बदली लांबच्या रोपवाटिकेत झाली. जाताना त्यांनी माझ्या पानावरची धूळ पदराने पुसली. मला फार रडू आलं, पण रडायलाही अंगात पाणी हवं.

तपासणी झाली. वहीत मी 'जिवंत' आहे. मोठ्या उधाणाला पाणी माझ्यापासून चार हातांवर येऊन परत फिरतं. त्याचा वास येतो, आणि माझी मुळं पिशवीत आणखी एक वेढा घालतात. चिप्पी गेल्या महिन्यात वाळली. माझी आता तीनच पानं उरलीत.

तुम्ही या रस्त्याने जाता, आमच्या लागवडीच्या फलकापाशी उभं राहून फोटो काढता. एकदा खाली बसा. माती थोडी उकरा, पिशवीची कड हाताला लागेल. ती फाडा आणि मला खाली, रोज भरती येते त्या चिखलात नेऊन लावा. कपडे मळतील, एवढं सोसा.

पुढचं माझं मी बघेन.