बंदरातील टोप आणि चार हिसके

दिनांक १४ नोव्हेंबर १८९३, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या गळपट्टीचे बारा बोल्ट आवळण्यात आले आणि एक माणूस माझ्यात डोके ठेवून समुद्राच्या तळाशी उतरला. मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकाचा नव्हे, पाणबुड्याचा. माझे अंग तांब्याच्या पत्र्याचे आहे. मला तीन जाड काचा आहेत आणि पाठीमागे हवेच्या नळीसाठी एक तोंड आहे. त्या तोंडात एक झडप बसवलेली आहे. वरून हवा येते तोवर ती उघडी राहते. हवा थांबताच ती आपोआप मिटते आणि आत उरलेली हवा राखते. मला घडवणाऱ्या कारागिराने ती झडप तीन वेळा बसवली व तीन वेळा काढली. चौथ्यांदा बसवल्यावरच त्याचे समाधान झाले.

बंदराचा धक्का बांधला जात होता. त्या सकाळी माझ्यात उतरलेल्या पाणबुड्याला त्याच्या उंचीमुळे सगळे ‘उंट’ म्हणत. त्याचा रबरी पोशाख शिवणारी, ठिगळे लावणारी एक मुलगी होती. तिला सगळे ‘शिलाईवाली’ म्हणत. मनगटाची शिवण ती नेहमी दोनदा तपासत असे. एकदा तपासली तरी पुरले असते, हे मलाही कळत होते.

त्या सकाळी माझी समोरची काच बसवण्यापूर्वी तो तिला म्हणाला, “संध्याकाळी तुझ्या आईला भेटायला येतो. चांगला केस विंचरून.”

“आधी हा टोप काढून ये,” ती म्हणाली. “आई घाबरेल.”

काच बसली. दोघांचे ते शेवटचे बोलणे.

मित्रांनो, पाण्याखाली शब्द चालत नाहीत. तेथे दोरी बोलते. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे हवा वाढवा, चार म्हणजे ताबडतोब वर ओढा. वर दोरी धरणाऱ्याने तितकेच हिसके परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळते की आपले ऐकले गेले. हा नियम हातात इतका मुरतो की झोपेत दोरी हलली तरी हात उत्तर देतो.

त्या दिवशी दोरी मुकादमाच्या हातात होती. पाऊण तासाने माझी झडप टक् असा आवाज करून मिटली. वरची हवा थांबली होती. उंटाने चार हिसके दिले. उत्तर आले नाही. त्याने पुन्हा चार दिले, आणि आणखी एकदा चार. नंतर त्याचा श्वास माझ्या काचांवर दाटू लागला, आणि मला बाहेरचे काही दिसेनासे झाले. मी पाणी अडवू शकत होतो. हवा निर्माण करू शकत नव्हतो.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, “दोरी हललीच नाही, साहेब. टोपाची झडप अडकली असणार. पोराने बघून घ्यायला हवी होती.” दोष मेलेल्यावर आणि माझ्यावर आला. मला गोदामाच्या फळीवर ठेवण्यात आले.

काही आठवड्यांनी मुकादमाने शिलाईवालीला मागणी घातली. तिच्या थोरल्या भावाने ती स्पष्ट शब्दांत परतवली. हा भाऊही पाणबुड्या होता. लगेच त्याचे नाव उतरणाऱ्यांत लागले. टोप मीच, आणि दोरीवर मुकादम.

शिलाईवाली मला पुसायला येई, तेव्हा माझी समोरची काच आतून धुरकट होत असे. माझ्यात कोणीही नव्हते. पहिल्या दिवशी ती मागे सरली. दुसऱ्या दिवशी हलकेच म्हणाली, “आलास?” तिने माझ्या कडीला दोरी बांधली आणि दुसरे टोक हातात धरले. एक हिसका आला. तिने एक परत दिला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून.

मग तिने विचारले, “झडप अडकली होती का?” दोरी स्थिर राहिली. “वर ओढायला सांगितलं होतंस?” दोरीला चार हिसके बसले, इतके जोरात की तिचा तळहात सोलला.

तिने भावाला गोदामात बोलावून सांगितले. तिचा तळहात बघून तो म्हणाला, “अगं, ओली दोरी वाळताना आखडते. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस.”

“दादा, उद्या तू त्याच माणसाच्या हातावर उतरणार आहेस.”

“मग काय घरी बसून बटणं लावू?”

तेवढ्यात मुकादम मला तपासायला गोदामात आला. शिलाईवालीने शांतपणे दोरीचे टोक त्याच्यापुढे केले. “मुकादम, एवढं जरा धरा. मी झडप पुसून घेते.”

“धरतो की. तुझ्यासाठी काय, जन्मभर धरीन,” तो हसला.

काच धुरकट झाली. मी फळीवर तसूभरही हललो नाही, परंतु दोरी ताठ झाली आणि तिला चार हिसके बसले. मुकादमाच्या हाताने, त्याला न विचारता, चार परत दिले. पुन्हा चार आले. त्याच्या हाताने पुन्हा चार दिले. दोरी थांबेना, आणि त्याची मूठ उघडेना. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“पुरे,” तो माझ्याकडे पाहून पुटपुटला. “त्या दिवशी तीनदाच मागितलंस. मोजलं होतं मी. आता किती मागशील?”



“चौकशीत तर दोरी हललीच नाही म्हणालात,” भाऊ म्हणाला. त्याने दार लावले आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

बंदराच्या अभियंत्यापुढे मुकादमाने सगळे सांगितले. खाली हवा पाठवणाऱ्या पंपाला दोन पाणबुड्यांसाठी दोन तोंडे होती. त्याने उंटाच्या नळीचे तोंड बंद करून दुसरे मोकळे सोडले. हवा फुकट बाहेर जात राहिली. पंपाचे चाक फिरवणाऱ्या दोघा मजुरांना ते एकाएकी हलके लागले होते, आणि ते खूश झाले होते. त्यांना चौकशीत कोणी काही विचारलेच नव्हते.

त्यानंतर दोरी शिलाईवालीने मागून घेतली. तिने लग्न केले नाही. माझ्यात उतरणारे पाणबुडे सांगत की आत आणखी कोणीतरी श्वास घेते, आणि हवा कमी होऊ लागली की दोरी त्यांच्या आधी हलते. काहींनी दुसरा टोप मागितला. तिने कोणालाच दिला नाही.

आता मी एका काचपेटीत आहे. मित्रांनो, माझे तांबे चकचकीत करू नका, त्याची मला गरज नाही. कोणी तुमच्या भरवशावर खोल उतरला असेल, तर त्याच्या दोरीवरचा हात मात्र सैल सोडू नका. ज्याचे ऐकले गेले नाही, तो मागत राहतो. त्याचा आवाज मी अजून ऐकतो.

तिने अठ्ठावीस वर्षे दोरी धरली. उतरले दोनशे सात. वर आले दोनशे सात.