चार दिवसांची पाहुणी

व्हर्ना कुबियाक जन्मात कधी खोटं बोलली नाही. हे तिचं स्वतःचं मत नव्हे. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळणाऱ्या बायकांचं होतं, आणि त्या एकमेकींविषयी इतकं चांगलं सहसा बोलत नसत. वजनाच्या काट्यावरचा आकडा व्हर्ना जसाच्या तसा सांगे. प्रवचन कंटाळवाणं झालं तर पाद्र्याला दारातच तसं सांगे. फक्त एका प्रश्नाचं खरं उत्तर तिने गेल्या सहा वर्षांत कुणालाही दिलेलं नव्हतं. तो प्रश्न म्हणजे, "सध्या कुठे राहतेस?"

"माझ्या घरी, टॅमरॅकला," ती म्हणे. "इथे अर्लीनकडे आपली चार दिवस आलेय."

त्या चार दिवसांची सुरुवात तिचा नवरा स्टॅनली गेला तेव्हा झाली. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला त्याच सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधता बांधता खुर्चीत गेला. धाकटी बहीण अर्लीन व्हर्नाला आपल्या घरी घेऊन आली. टॅमरॅकचं घर तासाभराच्या अंतरावर बंद पडून राहिलं. थंडीत नळ फुटू नयेत म्हणून त्यातलं पाणीही काढून टाकलेलं होतं. विस्कॉन्सिनच्या थंडीत ज्या घरात पाणी नाही तिथे माणूस राहत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण व्हर्नाला विचारायला कुणी शेंबडं पोर आलं नाही.

अर्लीनचा नवरा नॉर्बर्ट कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. तो व्हर्नाला 'पाहुणीबाई' म्हणे. घरातलं भांडी धुण्याचं यंत्र बिघडलं होतं. नॉर्बर्ट "मी दुरुस्त करतो" म्हणाला, त्यामुळे ते कायमचं बिघडलं. भांडी नवरा-बायको पाळीपाळीने घासत. व्हर्ना पहिल्या रात्री उठली होती, पण अर्लीन म्हणाली, "बस गं, पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात." व्हर्नाने ते मनावर घेतलं.

मग एका शुक्रवारी चर्चमधून मासे खाऊन रस्ता ओलांडताना तिला ड्वेन लुट्झच्या गाडीने उडवलं. ड्वेन पोरगा वाईट नव्हता. तळलेल्या चीजचा एक गोळा त्याच्या हातातून सीटखाली गेला आणि तो उचलायला तो वाकला, इतकंच. हॉस्पिटलात तो फुलं घेऊन आला आणि इतका रडला की नर्सने व्हर्नाला सोडून त्यालाच पाणी दिलं.

ड्वेनच्या विमा कंपनीने त्याच्या विम्याची सगळी रक्कम ताबडतोब देऊ केली. तत्परतेचं कारण एवढंच, की ती रक्कम कायद्याने ठेवावीच लागते तेवढी, म्हणजे फारच थोडी होती. व्हर्नाचा खुबा नवा बसवावा लागला होता, मांडीत पट्टी घालावी लागली होती. तिचा स्वतःचा आरोग्यविमा स्वस्तातला, म्हणजे आजारी न पडणाऱ्यांसाठीचा होता. उरलेलं बिल साधारण टॅमरॅकच्या घराएवढं निघालं. हॉस्पिटलातल्या बाईने फोनवर मधाळ आवाजात विचारलं, "आपल्या नावावर काही मालमत्ता आहे का हो?"

व्हर्ना खोटं बोलत नसल्यामुळे तिने सांगितलं. मग फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि जेवायला उठली नाही.

नॉर्बर्ट खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "रडतेस कशाला, पाहुणीबाई? माझ्या गाडीच्या विम्यात ते कलम आहे."

"कसलं कलम?"

"समोरच्या गाढवाचा विमा अपुरा पडला तर उरलेलं आपली कंपनी भरते. घरातला कुणी पायी चालत असला तरी. दरवर्षी जास्तीचे पैसे भरतोय मी त्याचे. अर्लीन म्हणायची पैसे पाण्यात. मी म्हटलं, बाई, जगात गाढवं कमी नाहीत."

वकील थायसेन यांचं ऑफिस मासेमारीच्या आमिषांच्या दुकानाला लागून होतं, त्यामुळे तिथे कायद्याबरोबर गांडुळांचाही वास येई. व्हर्ना ड्वेनच्या विमा कंपनीच्या 'हिशेब मिटला' अशा कागदावर निव्वळ सभ्यपणापोटी सही करायला निघाली होती. थायसेननी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. आधी नॉर्बर्टच्या विमा कंपनीची परवानगी, मग सही, नाहीतर कलम गेलं उडत, असं त्यांनी बजावलं. परवानगी आली. पण सोबत कंपनीने एक साधासा प्रश्नही पाठवला होता.

"हे कलम घरात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे," थायसेन म्हणाले. "ते तुम्हाला शपथेवर विचारणार, तुम्ही राहता कुठे?"

"टॅमरॅकला," व्हर्ना म्हणाली.

नॉर्बर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली, मयताला ठेवतात तशी.

"मिसेस कुबियाक," थायसेन सावकाश म्हणाले, "तुम्ही टॅमरॅकला राहत असाल तर कंपनी एक पैसा देणार नाही आणि टॅमरॅकचं घर हॉस्पिटल घेईल. तुम्ही बहिणीकडे राहत असाल तर कंपनी पैसे देईल आणि टॅमरॅकचं घर तुमचंच राहील."

"म्हणजे घर माझं राहावं म्हणून मी तिथे राहत नाही असं म्हणायचं?"

"कायदा आहे, मिसेस कुबियाक. आपण शहाणे आहोत असं त्याने कधी म्हटलेलं नाही."

"मी खोटी शपथ घेणार नाही."

"खोटी?" अर्लीन इतका वेळ गप्प होती, तेच आश्चर्य होतं. "अगं, सहा वर्षं माझ्या बाथरूममध्ये तुझे केसांचे रोलर लोळताहेत! माझ्या खुर्चीला तुझ्या बुडाचा आकार आलाय! माझं मांजर माझ्याकडे ढुंकून बघत नाही, तुझ्या पायाशी झोपतं!"

"मांजराचं काय घेऊन बसलीस? ते कुठेही झोपतं."

"आणि तू?"

व्हर्ना आपल्या बुटांकडे बघू लागली. स्टॅनलीचे बूट टॅमरॅकच्या दाराशी तसेच होते, एका बुटाची नाडी बांधलेली आणि एकाची सुटी. ते आपलं राहतं घर नाही म्हटलं की ते नुसते बूट झाले असते.

जबानीच्या दिवशी कंपनीकडून मिस होल्टे नावाची तरुण वकील आली. तिचा स्वेटर मऊ होता आणि प्रश्नही. कोपऱ्यात एक बाई शब्द न् शब्द टाइप करत होती. अर्लीन आणि नॉर्बर्टला बाहेर बसवलं होतं, पण भिंत पातळ होती.

"तुमचं टपाल कुठे येतं?"

"टॅमरॅकला. नॉर्बर्ट जाऊन आणतो."

"मतदान?"

"टॅमरॅकला. नॉर्बर्ट नेतो."

भिंतीपलीकडून नॉर्बर्टचा उसासा आला.

"बहिणीच्या घरी तुम्ही कामात हातभार लावता? भांडी वगैरे?"

"छे! पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

थायसेननी डोळे मिटले. टाइप करणाऱ्या बाईने ते वाक्य जरा उत्साहानेच टाइप केलं.

"तुमचं सामान?"

"एक सुटकेस. पलंगाशेजारी भरून ठेवलेली असते."

"कायम?"

"कायम. कधीही निघता यावं म्हणून."

मिस होल्टेच्या चेहऱ्यावर, मासा गळाला लागल्यावर उमटतं, तसं समाधान उमटलं. ती सहज म्हणाली, "काय काय आहे त्या सुटकेसमध्ये?"

शपथेसाठी नुकताच वर केलेला उजवा हात व्हर्नाने एकदा बघून घेतला.

"नाताळचे दिवे," ती म्हणाली.

"तुमचे?"

"अर्लीनचे."

"आणखी?"

"नाताळच्या झाडाचं स्टँड. आणि नॉर्बर्टचे मोजे, बर्फावर मासे धरायला जातो तेव्हाचे. धुतलेले आहेत."

"दिवे सुटकेसमध्ये का?"

"कपाटात जागा नव्हती."

"कपाटात काय आहे?"



"माझे कपडे," ती म्हणाली.

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले.

"म्हणजे तुम्हाला टॅमरॅकला जायचं झालं तर..."

"तर आधी अर्लीनचे दिवे कुठे ठेवायचे ते बघावं लागेल," व्हर्ना म्हणाली. मग पाठ ताठ करून, काट्यावरचा आकडा सांगावा तशी ती म्हणाली, "मी अर्लीनकडे राहते. स्टॅनली गेल्यापासून. लिहा तसं."

बाईने लिहिलं. बाहेर काहीतरी धपकन आपटलं. नॉर्बर्टची टोपी असावी, किंवा नॉर्बर्ट.

व्हर्नाला वाटलं होतं आता छातीत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. उलट घट्ट बुटातून पाय बाहेर काढल्यासारखं वाटलं, आणि विलक्षण भूक लागली. परतताना तिने गाडी थांबवायला लावून तळलेलं चीज घेतलं आणि नॉर्बर्टला एकही गोळा दिला नाही. "तू गाडी चालवतोयस," ती म्हणाली.

थायसेनचा फोन आला तेव्हा बर्फ वितळू लागलं होतं. कंपनीने दावा मान्य केला होता. हॉस्पिटलचं सगळं भागत होतं, वर थोडं उरतही होतं. अर्लीन फोन हातात धरूनच रडली. व्हर्ना नुसती बसून राहिली. मांजर तिच्या पायाशी होतं. टॅमरॅकचं घर जागच्या जागी होतं, दाराशी बूट होते, आणि तिला तिथे जायची काडीचीही घाई नव्हती.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात तिने काठी टेकून, स्पष्ट आवाजात सांगितलं, "मी अर्लीनकडे राहते."

"बरं," मासे तळणाऱ्या बायका म्हणाल्या. "बटाटे किती वाढू?"

रविवारी अर्लीनने मोठं जेवण केलं. सॉसेज, पिएरोगीच्या उकडलेल्या करंज्या, कोबी, चार प्रकारची भांडी खरकटी होतील असा केक. नॉर्बर्टने ब्रँडीचे ग्लास भरले. "पाहुणीबाई गेल्या," तो ग्लास उंच करून म्हणाला. "देव त्यांचं भलं करो. चांगल्या होत्या."

"गप रे," व्हर्ना म्हणाली, पण हसली.

केक संपल्यावर नॉर्बर्ट उठला, ओट्याशी गेला, आणि एक उंच स्टूल ओढून त्याने बेसिनपुढे ठेवलं.

"हे कशाला?"

"डॉक्टर म्हणालेत तुला फार उभं राहायचं नाही."

त्या संध्याकाळची भांडी व्हर्नाने घासली.