अम्मांची दाढी

रघुरामच्या तोंडावर होती खरी, पण ती दाढी त्याची नव्हती. त्याच्या आईची, कनकलता अम्मांची होती. बायको गरोदर असली की नवऱ्याने वस्तरा लावायचा नाही, असा तंजावुरातल्या त्यांच्या घरचा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. हरिणीला सातवा महिना लागला होता आणि दाढी जोमाने वाढत होती.

रघुरामची नोकरी ओरत्तनाडूच्या तांदळाच्या गोदामात. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालून किडी मारायचा विषारी वायू सोडायचा, त्या कामाचा प्रमुख तो नुकताच झाला होता आणि मनातून फार सुखावला होता. तेवढ्यात त्या वायूपासून वाचवणारे नवे मुखवटे आले. मुरलीकृष्ण साहेबांनी त्याच्या तोंडावर एक चढवला आणि केळ्याच्या वासाच्या अर्काची बाटली समोर उघडली. वास आला तर मुखवट्याला फट आहे म्हणून समजायचं. रघुरामच्या नाकात केळ्यांचा अख्खा घड शिरला. पट्टे आवळून कान लाल झाले, तरी केळं काही हटेना.

"दाढीतून हवा शिरतेय. काढून ये, नाहीतर उद्या आत दुसरा जाईल," साहेब म्हणाले.

घरी त्याने मुखवटा पुढ्यात ठेवून सगळं सांगून टाकलं. अम्मांना पटेल तर शपथ.

"केसांतून काय हवा जातीय? घाल ते. बैस हितं."

हरिणीला अंगणात धाडून त्यांनी तेल तापवलं आणि मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. झोंबरा धूर उठला. मुखवट्याच्या आत रघुराम ठसकू लागला, काचेआड डोळे भरून आले. अम्मांनी झटकन गॅस बंद केला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ते विष असंच सांगून येतंय कां रे?"

"नेहमी नाही, अम्मा."

त्या उठल्या आणि नवऱ्याचं दाढीचं सामान घेऊन आल्या.

"आणि नेम?" रघुरामने विचारलं.

"कोणीतरी पाळलं म्हंजे झालं. बाळ होईपर्यंत मी कॉफी सोडली."

सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय अम्मा देवाशीसुद्धा बोलत नसत. रघुरामला गलबलून आलं. त्याने मुकाट्याने साबण लावला.

गुळगुळीत गालांवर मुखवटा चढवून तो पुन्हा शेगडीपुढे बसला. पुन्हा तापल्या तेलात मिरच्या पडल्या आणि या खेपेला अम्मांसकट घरदार खोकलं. रघुराम तेवढा मख्ख.

सकाळी फिल्टरमधून कॉफी उतरली आणि घमघमाट सुटला. अम्मा मागच्या दारी नाकाला पदर लावून बसल्या होत्या. कामाला निघालेल्या रघुरामने पिशवीतून मुखवटा काढला, हलकेच त्यांच्या तोंडावर चढवला आणि पट्टे बसवले.

"येतो कां वास?"

अम्मांनी दीर्घ श्वास घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. काचेआड त्यांचे डोळे हसत होते. बस चुकायची वेळ झाली, तरी त्या मुखवटा काढू देईनात.