पंच्याण्णवचं पेट्रोल

यशवंतरावांच्या चौदा व्हॅनमध्ये पंच्याण्णवचं पेट्रोल भरायचं ठरलं, तेव्हाच खंडोजीने तोंड उघडायला हवं होतं. तीस वर्षं तो त्यांच्या धारच्या गॅरेजचा फोरमन. पीथमपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या त्या गाड्यांची नस न् नस त्याला ठाऊक. आणि एक गोडबोल्या विक्रेता येऊन मालकाला टोपी घालून गेला, तरी हा पठ्ठ्या हाताची घडी घालून उभा!

साधं पेट्रोल एक्याण्णव ऑक्टेन नंबरचं, हे पंच्याण्णवचं, लिटरमागे नऊ रुपये महाग. विक्रेता म्हणाला, लिटरला दोन किलोमीटर जास्त पळेल, म्हणजे वर्षाकाठी खर्च उलट घटेल. यशवंतरावांना पटायला वेळ लागला नाही. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते आणि ती पागा अजून त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती.

“घोडा खुराकावर पळतो, खंडोजी,” ते म्हणाले. “दाणा हलका घातला की चाल हलकी. गाडीचंही तेच.”

गाडीचं ते नसतं. तो नंबर म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाबाखाली पेट्रोल वेळेआधी भडकू नये, एवढंच त्या नंबराचं काम. दाब जबर असलेल्या इंजिनांना त्याचा उपयोग. ह्या गरीब व्हॅनना एक्याण्णव पुरे, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही तसंच छापलेलं. खंडोजीला हे सगळं माहीत होतं. पण मालकाने पागेची गोष्ट काढली की मान डोलवायची, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं, आणि त्याने मान डोलवली.

महिना झाला. सगळ्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज लिटरला पंधरा, होतं तिथेच. यशवंतराव भडकले.

“वरचे दोन किलोमीटर गेले कुठे? कोणीतरी टाकीतून काढतंय!”

चोरी झाली तर पोलिसात जायचं नाही, देवासमोर बेल-भंडार उचलायला लावायचा, ही त्या घराण्याची जुनी रीत. रविवारी सकाळी गॅरेजमध्ये पाट मांडला, खंडोबाचा टाक ठेवला, ताटात हळद आणि बेलाची पानं. एकेका ड्रायव्हरने यायचं, ताटात हात घालायचा, मी पेट्रोल चोरलं नाही म्हणायचं. ताट धरायचा मान खंडोजीचा. तेरा जणांनी हात पिवळे केले. चौदावा मारुती. मूळ देवास गावचा, बारा वर्षांत गाडीला एक ओरखडा पडू न दिलेला. तो जागचा हललाच नाही.

“उचल की,” खंडोजी म्हणाला.

“नाही उचलणार, काका.”

“का रे?”

“पेट्रोल जास्त पळालं नाही, त्यात माझा देव कशाला बीच में आणता? हेच ताट त्या पेट्रोल विकणाऱ्या भियाच्या समोर धरा ना. तो बोलला दो किलोमीटर, मी नाही बोललो.”

खंडोजीच्या मस्तकात तिडीक गेली. भंडाऱ्याला नाही म्हणतो? ज्या देवाचं नाव आपल्याला ठेवलंय, त्याला नाही म्हणतो?

“चोराच्या उलट्या बोंबा!” तो सगळ्यांसमोर गरजला. “ज्याच्या मनात पाप, त्याचाच हात मागे येतो. चावी दे इकडे. आणि पुन्हा ह्या फाटकात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन.”

मारुतीने चावी ताटाशेजारी ठेवली आणि तो गेला. यशवंतरावांनी त्याच दिवशी इंदूरला आणि देवासला ओळखीच्या गाडीवाल्यांना फोन केले, की हा माणूस पेट्रोल चोरतो.

त्या चोराचं पितळ पुरतं उघडं पाडायचं म्हणून खंडोजीने मारुतीची व्हॅन स्वतःच चालवायला घेतली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, झाकणाला कुलूप, किल्ली बनियनच्या खिशात. धार ते पीथमपूर, पीथमपूर ते धार, आठ दिवस. आठव्या दिवशी त्याच पंपावर त्याच मशीनवर पुन्हा गळ्यापर्यंत भरलं आणि हिशेब केला. पंधरा. दुसऱ्यांदा केला. पंधरा!

आणि तेव्हा त्याला दुसरी गोष्ट सुचली, जी पोरासोरांनाही सुचली असती. ज्या तेरा जणांनी भंडारा उचलला, त्यांच्या गाड्याही पंधराच देत होत्या. शपथेआधी पंधरा, शपथेनंतर पंधरा. मग चोर एकटा मारुतीच कसा? खंडोजीने हिशेबाचा कागद चुरगाळला. विक्रेत्याचा राग, मालकाचा राग, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. त्याला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

तो तसाच यशवंतरावांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. यशवंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग उद्यापासून साधंच भरा,” ते म्हणाले. “बरं झालं, खर्च वाचला.”

“आणि मारुती?”

“त्याचं आता काय? त्याला परत घेतला तर तेरा जण म्हणतील, मालकांनी देवाला उगाच पाटावर बसवलं. घराण्याची रीत आहे, खंडोजी. गप्प बसा.”

“बारा वर्षं मीठ खाल्लेल्या माणसाला तुम्ही चोर केलं, सरकार!”

“मी? चोर तर तुम्ही म्हणालात.”

 दुसऱ्या दिवशी खंडोजीने इंदूरची बस पकडली आणि तिथून देवास गाठलं.

मारुतीचा पत्ता विचारत तो माताजीच्या देवळाच्या टेकडीखाली पोचला. तिथे बॅटरीवरच्या रिक्षांची रांग लागली होती. त्यातल्या एकीत मारुती बसला होता, अंगावर तोच गॅरेजचा खाकी शर्ट. खंडोजी मागच्या सीटवर जाऊन बसला.

“व्हॅन सोडून हे काय, मारुती?”

“कोणी चावी देतो का आता? सगळ्यांकडे फोन पोचलेत.” मारुतीने मागे वळूनही पाहिलं नाही. “ही बरी आहे, काका. हिच्यात पेट्रोलच नाही. चोरणार काय?”

खंडोजीने एका दमात सगळं सांगून टाकलं, आठ दिवस, कुलूप, पंधरा. “माझी चूक झाली रे. तू चोर नाहीस.”

“ते मला मालूम होतं,” मारुती म्हणाला. “चोर म्हणालात ते तेरा जणांसमोर. आणि नाही म्हणायला इथे एकट्यात आलात.”

खंडोजीने मोबाइल काढला, ड्रायव्हरांचा ग्रुप उघडला, ज्यात यशवंतरावही होते, आणि बोटाने माइक दाबून धरला.

“मी खंडोजी बोलतोय. मारुती चोर नाही. तो दोन किलोमीटरचा आकडाच खोटा होता, पेट्रोलने काही वाढतच नाही, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. मालकांपुढे मी शेपूट घातली. चोर कोणी असेल तर मी. ज्याला मला काढायचं त्याने काढावं.”

संदेश गेला. क्षणात यशवंतरावांचं नाव पडद्यावर चमकलं, फोन वाजायला लागला. नोकरी गेली हे त्याला कळत होतं, तरी कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली होती. आता मारुती काहीतरी बोलेल, निदान मागे वळून बघेल, म्हणून तो त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

मारुतीने आरशात पाहिलं. मागे एक बाई प्रसादाची पिशवी घेऊन उभी होती.

“उतरता का, काका?” तो म्हणाला. “सवारी उभी आहे.”