सात नंबरची जागा

सर्व्हर सलग तिसऱ्या दिवशी बसला तेव्हा पावणेबारा वाजले होते. बुधवारी पावणेबारा, काल पावणेबारा, आजही पावणेबारा. एवढी वक्तशीर गोष्ट त्या लॅबमध्ये दुसरी कुठलीच नव्हती.

"बाई, गेलं परत!" काउंटरवरची मुलगी जागेवरूनच ओरडली. तिच्यासमोर रक्ताचे रिपोर्ट न्यायला आलेली वीसेक माणसं बाकांवर खोळंबली होती आणि पडद्यावर ते गोल चक्र निवांत फिरत होतं. एका आजोबांनी चौथ्यांदा विचारलं, "झालं का?" मुलीनंही चौथ्यांदा सांगितलं, "होतंय."

जिला हाक मारली होती तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. तिला हे नाव आवडायचं असं नाही, पण आता खरं नाव कुणी घेतलं तर तिलाच दचकायला व्हायचं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि सर्व्हरच्या खोलीत गेली. खोली कसली, पूर्वीची अडगळच. एसीचं पाणी ठिबकायचं म्हणून खाली फरशी पुसायची बादली ठेवलेली. तिनं सर्व्हर बंद करून चालू केला. बाहेर चक्र थांबलं, रिपोर्ट निघायला लागले, आजोबा उठले. बंद करून चालू करणं हा उपाय कुणालाही सुचतो, त्यासाठी बावीस वर्षं नोकरी करावी लागत नाही. उद्या पावणेबाराला पुन्हा हेच होणार होतं, आणि ती थकली होती.

साहेब दारातच उभे होते. "आज चार वाजता नवी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येतोय. त्याच्याआधी मला एका कागदावर लिहून द्या, दोष कोणाचा ते. मूळ रचनाच चुकलीय असं तुमच्या सहीनं आलं, की माझं काम सोपं."

"साहेब, घरोघरी रक्त घ्यायला जाणाऱ्यांना टॅब वाटले, तेव्हापासून हे सुरू झालंय."

"टॅब नवे कोरे आहेत, बाई. मी स्वतः निवडलेत. त्यांना कशाला नावं ठेवता?" मग त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. "आणि ते टेबल सोमवारपासून कंपनीच्या माणसाला लागेल. मास्तरांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील ते."

खिडकीजवळचं टेबल मास्तरांचं होतं. ही सगळी यंत्रणा त्यांनी एकट्यानं लिहिली, सर्व्हरबाईला हाताला धरून शिकवली, आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ते चारच्या ठोक्याला यायचे, कुणाचं काही अडलं असेल तर बघायचे, नाहीतर नुसते बसायचे. बायको गेल्यापासून त्यांना जायला एवढी एकच जागा उरली होती. बाकीचे पाच दिवस ते काय करत असतील, हा विचार सर्व्हरबाई मनात येऊच द्यायची नाही. आणि आज शुक्रवार होता.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सर्व्हरला तो आपली सवत म्हणायचा. "काय म्हणतेय माझी सवत? उठली का?"

"उठवली. पुन्हा बसेल."

"जेवलीस?"

"बघते," ती म्हणाली. म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं.

तिनं सर्व्हरमध्ये कोण कोण बसलंय त्याची यादी उघडली. एका वेळी साठ जणांना बसता येईल एवढ्या जागा, मास्तरांनी आखून दिलेल्या. बंद पडायच्या क्षणी साठच्या साठ भरलेल्या होत्या. तिनं लॅबच्या बाहेरच्या एकेका केंद्राला फोन लावला, घरोघरी रक्त घ्यायला जाणाऱ्यांनाही लावला, आणि माणसं मोजली. काम करणारे होते तेवीस. मग उरलेले सदतीस कोण?

घरोघरी जाणारे दिवसभर लिफ्टनं वरखाली करतात, म्हणून ती एक टॅब घेऊन लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं आणि लाइन तुटली. वर गेल्यावर दार उघडलं, लाइन आली. ती खाली आली, पुन्हा वर गेली. लिफ्टमध्ये शिरलेल्या एका गृहस्थानं बोट बटणापाशी नेऊन विचारलं, "कितवा मजला?"

"कुठलाही चालेल," ती म्हणाली. तो पुढच्याच मजल्यावर उतरून गेला.

पाच खेपा करून तिनं यादी बघितली. एका टॅबनं सहा जागा अडवल्या होत्या. केंद्रांवरची जुनी मशीनं लाइन तुटून परत आली की सर्व्हर त्यांना ओळखायचा आणि त्यांच्याच जागेवर बसवायचा. टॅब मात्र दर वेळी नव्या पत्त्यानं यायचा. सर्व्हर त्याला नवा पाहुणा समजून नवी जागा द्यायचा, आणि गेलेल्याची जुनी जागा तशीच राखून ठेवायचा. किती वेळ? तेच तर होतं. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं; पण म्हणून कुणी दारात ताटकळत बसत नाही. हा सर्व्हर मात्र बसायचा. पावणेबारापर्यंत न परतणाऱ्यांनी साठ जागा भरायच्या, आणि खऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा उरायची नाही.

वाट किती बघायची हे ठरवणारी ओळ शोधायला तिला पाऊण तास लागला. तिथं मिनिटांचा आकडा असायला हवा होता. तिथं शून्य होतं. शून्य म्हणजे कितीही.

म्हणजे साहेब म्हणत होते ते खरं निघालं. चूक मास्तरांचीच होती. शिकाऊ माणूससुद्धा तिथं शून्य ठेवणार नाही, आणि मास्तरांनी ठेवलं होतं. त्या ओळीवर त्यांनी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. तारीख बावीस वर्षांपूर्वीची. तिनं चष्मा पुसून वाचलं.

'केंद्र सात. मुलगी चांगली आहे, लाइन वाईट आहे. ती परत येते. थांबायचं.'

तिनं ते पुन्हा वाचलं. सात नंबरचं केंद्र म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची खोली, आणि तिथली मुलगी म्हणजे ती स्वतः. नोकरीचा दुसरा महिना होता. त्रेचाळीस रुग्णांची माहिती भरली, लाइन गेली, आणि परत आली तोवर सर्व्हरनं तिला उठवून सगळं पुसून टाकलं होतं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं मुख्य ऑफिसला फोन लावला आणि बोलायच्या ऐवजी रडतच सुटली. नोकरी सोडते म्हणाली. पलीकडचा माणूस ओरडला नाही की समजूत काढत बसला नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून भरलेलं नाही जाणार." आणि खरंच गेलं नाही. तिला वाटलं होतं, मशीन नवं आलं असेल. पुढं दोन वर्षांनी तिची बदली मुख्य ऑफिसात झाली, मास्तर तिला शिकवायला लागले, पण ह्यातलं एक अक्षर त्यांनी कधी काढलं नाही. आणि बावीस वर्षं ती हेच समजत आली की आपण टिकलो ते आपल्या चिकाटीवर.

तिला रडू आलं. आवरायचा तिनं प्रयत्नही केला नाही. तिथं बघायला बादलीशिवाय कुणी नव्हतं.

मग तोंड धुऊन ती कामाला लागली. शून्याच्या जागी दहा मिनिटं टाकली. आणि उठवण्याआधी त्या माणसानं भरलेलं सगळं नीट जपून ठेवायचं, हेही लिहिलं. पुन्हा लिफ्टच्या पाच खेपा केल्या आणि दहा मिनिटं थांबली. सहातल्या पाच जागा एकेक करून आपोआप रिकाम्या झाल्या.

साडेतीनला तिनं साहेबांपुढं कागद ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

"'दोष कोणाचा' ह्याच्यापुढं तुम्ही 'माझा' असं लिहिलंय."

"हो. हा बदल सात नंबर केंद्राच्या मागणीवरून झाला होता. तिथं तेव्हा मी होते. आणि सोमवारी टॅब तपासून सही केली तीही मीच. ऑफिसात खुर्चीवर बसून तपासले. लाइन तुटल्यावर काय होतं ते बघितलंच नाही."

ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मास्तरांचं नाव तेवढं कागदावर कुठं नव्हतं.

"मेमो द्यावा लागेल, बाई. बावीस वर्षांत पहिला."

"द्या."

"रचना बरोबर आहे म्हणता?"

"उद्या पावणेबाराला बघा. बसला तर टेबल मी स्वतः उचलून देते."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कंपनीच्या माणसाला सोमवारी दुपारी या म्हणून फोन केला. टॅबांवर ठपका आला नाही, एवढ्यावर ते खूश होते.

चारच्या ठोक्याला मास्तर आले. खिडकीजवळ बसले, चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. तिनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली. दिवसभरात पहिल्यांदाच ती अशी टेकून बसली होती.

"ऐकलं, तीन दिवस त्रास होता म्हणे," मास्तर म्हणाले. "सापडलं?"

"सापडलं. सात नंबरवाली जागा अडवून बसली होती."

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "बावीस वर्षं?"

"बावीस वर्षं. आज उठवली तिला."

मास्तरांनी पुन्हा कप उचलला. "रडली का?"

"थोडी."

"तेव्हा फार रडली होती," मास्तर म्हणाले, आणि गार व्हायच्या आत चहा संपवायला लागले.